मिरज जंक्शन आठवून: इन्फिनीबँड क्लस्टर इथरनेटला जोडण्याची सविस्तर रीत

मिरज स्थानकात एके काळी तीन मापांचे रूळ एकत्र येत. ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, मीटरगेज १,००० चा आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारा नॅरोगेज ७६२ चा. एका मापाचा डबा दुसऱ्या रुळावर चढत नसे. पंढरपूरकडून आलेलं पोतं पुढे पुण्याला जायचं तर ते डब्यातून उतरायचं, हमालाच्या पाठीवरून फलाट ओलांडायचं आणि दुसऱ्या डब्यात चढायचं. डबा आपल्या रुळावरच राही, पुढे जाई तो माल.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागासाठी सोळा नोडचं क्लस्टर, म्हणजे एकत्र गणित करणारी सोळा यंत्रं, उभारून ते ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचं काम माझ्याकडे आलं. आत इन्फिनीबँड, म्हणजे क्लस्टरसाठीचं वेगवान जाळं, त्यातलं ५६ गिगाबिटचं एफडीआर; बाहेर साधं १ आणि १० गिगाबिटचं इथरनेट. त्या कामात जे कळलं ते सगळं इथे क्रमाने लिहितो. पूर्ण लेखभर मिरजेचा तो फलाट डोळ्यांसमोर ठेवा. गेटवे म्हणजे तो फलाट. त्यावरून आयपी पॅकेट नावाचा माल उतरतो आणि चढतो. इन्फिनीबँडचा डबा पलीकडे जात नाही, आणि त्या डब्याचा वेगही जात नाही.

केबल बसते, पण लिंक लागत नाही

पहिला गोंधळ डोळ्यांमुळे होतो. इन्फिनीबँडच्या स्विचवरचं क्यूएसएफपी खोबण आणि ४० गिगाबिट इथरनेट स्विचवरचं खोबण दिसायला सारखंच. केबल दोन्हीकडे खटकन बसते. आत मात्र दोन वेगळे संसार आहेत.

इथरनेटचा पत्ता ६ बाइटचा मॅक. तो कार्डात लिहिलेला असतो आणि स्विच तो ऐकून ऐकून शिकतो. इन्फिनीबँडमध्ये स्विच स्वतःहून काही शिकत नाही. सबनेट मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम सगळं जाळं फिरून पाहतो, प्रत्येक पोर्टला १६ बिटचा लिड, म्हणजे जाळ्यापुरता पत्ता, देतो आणि प्रत्येक स्विचमध्ये कोणता लिड कोणत्या दाराने जायचा याचा तक्ता भरतो. हा मॅनेजर चालू नसेल तर जाळं निव्वळ तारांचं जंजाळ. शिवाय इन्फिनीबँडमध्ये समोरच्याकडे जागा आहे असं क्रेडिट मिळाल्याशिवाय पाठवणारा पाठवतच नाही. इथरनेटवर गर्दी झाली की पॅकेट सरळ टाकून दिलं जातं.

इन्फिनीबँडवरून आयपी चालवायची सोय आहे, तिला आयपीओव्हरआयबी म्हणतात. तिचा पत्ता २० बाइटचा असतो: सुरुवातीच्या ४ बाइटांत क्यू-पेअरचा, म्हणजे कार्डातल्या पाठवण्या-घेण्याच्या रांगांच्या जोडीचा, क्रमांक आणि मग १६ बाइटचा जीआयडी, म्हणजे पोर्टची ओळख. हे चार बाइट लक्षात ठेवा, पुढे ते त्रास देणार आहेत. ६ बाइटच्या खणात २० बाइटचा पत्ता मावत नाही, म्हणून लिनक्सच्या साध्या ब्रिजमध्ये आयबी-शून्य इंटरफेस घालायला गेलात तर कर्नल नकार देतो. ब्रिज होत नाही, राउटिंग करावं लागतं. म्हणजेच माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

आधी कागद घ्या: पलीकडे नक्की काय जायचं आहे?

या पायरीला घाई करू नका. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. क्लस्टरमधून बाहेर आणि बाहेरून आत काय काय जाणार, त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे अंदाजे आकार लिहा.

आमची यादी अशी निघाली. डिझायनरचं लॉगिन: किरकोळ. सॉफ्टवेअरच्या लायसन्स सर्व्हरची विचारपूस: अगदी किरकोळ, पण ती अडली तर सगळी गणितं थांबतात. सुधारित पॅकेजेस: महिन्यातून एकदा. मॉडेलच्या फाइली आत येणं: काही गिगाबाइट. निकाल बाहेर जाणं: रोज रात्री शेकडो गिगाबाइट, तेही सगळ्या नोडवरून एकाच वेळी. आणि गणित वाटून घेताना नोड-नोडमध्ये होणारं एमपीआयचं बोलणं: प्रचंड, पण ते पलीकडे जाण्याचा प्रश्नच नाही, ते आतच राहतं.

यादी पाहिल्यावर कळलं की जड माल एकच आहे, निकालाच्या फाइली. बाकी सगळं नोडच्या मदरबोर्डवर फुकट मिळालेल्या १ गिगाबिट इथरनेट पोर्टवरून आरामात जातं. म्हणून माझा पहिला सल्ला: किरकोळ वाहतूक गेटवेवर टाकूच नका. प्रत्येक नोडचा तो छोटा पोर्ट एका स्वस्त स्विचला जोडा आणि लॉगिन, देखरेख, लायसन्स तिथून चालवा. गेटवे बिघडला तरी नोडपर्यंत पोचायची वाट उरते.

जड मालासाठी चार रस्ते आहेत. डेटा सर्व्हरलाच दोन पाय द्यायचे, एक इन्फिनीबँडमध्ये, एक इथरनेटमध्ये. मग गेटवे लागतच नाही. सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल आणि त्यात कार्डासाठी रिकामा स्लॉट असेल तर डोळे मिटून हाच रस्ता घ्या. लॉगिन नोडलाच राउटर बनवायचं हा दुसरा रस्ता. तो चार-सहा नोडपुरता ठीक, पण कोणी लॉगिन नोडवर मोठं काम चालवलं की सगळ्यांची वाहतूक रखडते. तिसरा, दोन स्वतंत्र लिनक्स यंत्रांचा गेटवे. चौथा, तयार पेटी. मेलानॉक्सचे, म्हणजे २०२० पासून एनव्हीडियाचे, गेटवे मिळतात. जुन्या पिढीत एसएक्स६०३६जी नावाचा स्विच आहे, ज्याचे काही पोर्ट इन्फिनीबँड आणि काही इथरनेट करता येतात. नव्या पिढीत स्कायवे नावाची पेटी आहे, तिला आठ पोर्ट इन्फिनीबँडचे आणि आठ इथरनेटचे. शेकडो नोड असतील तर पेटी घ्यावी. सोळा नोडसाठी तो खर्च मला पटला नाही.

आमच्याकडे डेटा सर्व्हर मुख्य ऑफिसचा होता, त्याला हात लावायची परवानगी नव्हती. म्हणून तिसरा रस्ता. पुढचं सगळं त्याबद्दल आहे, पण पत्ते, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आणि परतीची वाट यांचे नियम पेटी घेतली तरी तेच राहतात.

यंत्र, कार्ड आणि स्लॉट

दोन यंत्रं घ्या, एकसारखी. प्रत्येकात व्हीपीआय जातीचं दोन पोर्टचं कार्ड, म्हणजे एकाच कार्डाचा एक पोर्ट इन्फिनीबँड आणि दुसरा इथरनेट करता येतो. आम्ही कनेक्टएक्स-३ वापरली. एमएलएक्सकॉन्फिग या कमांडने लिंक टाइप ठरवायचा: १ म्हणजे इन्फिनीबँड, २ म्हणजे इथरनेट. बदल केल्यावर यंत्र पुन्हा सुरू करा, नाहीतर जुनंच दिसत राहतं. इथरनेट बाजू १० गिगाबिटच्या स्विचला जायची असेल तर क्यूएसएफपीमधून एसएफपी-प्लस काढणारा छोटा ॲडाप्टर लागतो, तो आधीच मागवून ठेवा.

कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये बसवता याकडे फार बारकाईने पाहा. पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला साधारण ९८५ मेगाबाइट वाहते, म्हणजे आठ लेन मिळून ६३ गिगाबिटच्या आसपास. एफडीआरला तेवढं पुरतं. पण बऱ्याच मदरबोर्डांवर लांबी आठ लेनची आणि आतली जोडणी चारचीच असा स्लॉट असतो. एलएसपीसीआयच्या सविस्तर माहितीत लिंक स्टेटसची ओळ वाचून खात्री करा. कार्डाला पीसीआयवर श्वास घेता आला नाही तर ते क्रेडिट द्यायचं थांबवतं, मागच्या स्विचमध्ये रांग लागते, आणि त्या रांगेत गेटवेशी काही संबंध नसलेली एमपीआयची पॅकेटंही अडकतात. गेटवे हळू चालला तर गणितही हळू होतं, ते या मार्गाने.

केबलबद्दल एकच गोष्ट. आपल्या भागात २०१९ चा पूर पाहिल्यावर सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवायची सवय लोकांना लागली आहे आणि ती चांगली आहे. पण वेग वाढत जातो तशी साधी तांब्याची केबल काही मीटरच्या पुढे जात नाही. १०० गिगाबिटला ३ ते ५ मीटर धरा. म्हणून गेटवे क्लस्टरच्याच रॅकमध्ये ठेवा आणि मजला ओलांडायचं काम इथरनेटच्या ऑप्टिकल फायबरला द्या. इथरनेटचा १० गिगाबिट फायबर शेकडो मीटर जातो आणि स्वस्तही पडतो.

सबनेट मॅनेजर कुठे बसवायचा

केबली लावून आयबीस्टॅट चालवा. पोर्टची भौतिक स्थिती लिंकअप आणि वरची स्थिती इनिशियलायझिंग दिसली तर केबल ठीक आहे, मॅनेजर नाही. मॅनेजर सुरू झाला की तीच स्थिती ॲक्टिव्ह होते. एसएमइन्फो ही कमांड सध्याचा मालक कोण ते सांगते.

मी सुरुवातीला ओपनएसएम, म्हणजे मॅनेजरचा प्रोग्राम, पहिल्या कंप्युट नोडवर टाकला होता, कारण तो हाताशी होता. एका दुपारी वीज गेली, यूपीएस संपला, आणि वीज आल्यावर बाकी सगळं उठलं, तो एक नोड मेमरीच्या तक्रारीपाशी अडून बसला. पंधराच्या पंधरा नोड आणि दोन्ही गेटवे इनिशियलायझिंग दाखवत उभे. केबली तपासण्यात माझा तास गेला. तेव्हापासून मॅनेजर दोन्ही गेटवे यंत्रांवर ठेवतो, एकाचं प्राधान्य जास्त, दुसरा राखीव. प्राधान्याचा आकडा ० ते १५, मोठा जिंकतो. तुमच्या स्विचमध्येच मॅनेजर असेल तर त्याला पहिलं ठेवा आणि एका गेटवेवर राखीव.

याच मॅनेजरच्या पार्टिशनच्या फाइलमध्ये आयपीओव्हरआयबीसाठी एमटीयूचा सांकेतिक आकडा असतो: ४ म्हणजे २,०४८ आणि ५ म्हणजे ४,०९६. आम्ही ५ ठेवला. पण लक्षात घ्या, जाळ्यातलं एखादं जुनं कार्ड ४,०९६ पेलत नसेल तर ते त्या गटात सामीलच होणार नाही आणि त्या नोडचं आयपी बंद राहील. फाइल बदलली की दोन्ही मॅनेजरांवर बदला. एकावरच बदललीत तर मालक बदलला त्या दिवशी एमटीयूही बदलेल आणि कारण सापडायला फार वेळ जाईल.

पत्त्यांची आखणी आणि परतीची वाट

इन्फिनीबँडला स्वतंत्र सबनेट द्या. आम्ही १०.२०.०.० चा चोवीस बिटचा पट्टा आत ठेवला आणि बाहेर डेटा सर्व्हरसाठी १०.५०.०.० चा. पत्ते हाताने ठरवून द्या. पत्ते आपोआप वाटणारं डीएचसीपी चालवता येतं, पण २० बाइटचा पत्ता डीएचसीपीच्या खणात मावत नसल्यामुळे क्लायंट आयडेंटिफायरची वेगळी सोय करावी लागते. सोळा नोडसाठी तो खटाटोप नको.

गेटवेवर आयपी फॉरवर्डिंग सुरू करा, आणि ते यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही टिकेल असं फाइलीत लिहा. नोडवर डिफॉल्ट वाट गेटवेकडे वळवू नका. फक्त १०.५०.०.० कडे जाणारी एक वाट गेटवेच्या आतल्या पत्त्यावरून जाते असं सांगा. बाकी सगळं छोट्या इथरनेट पोर्टवरून जाऊ दे.

आता परतीची वाट. नोडकडून निघालेलं पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतं, सर्व्हर उत्तर लिहितो, आणि १०.२०.०.० कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसतं. तो उत्तर आपल्या डिफॉल्ट राउटरकडे देतो आणि ते तिथे मरतं. म्हणून सर्व्हरवर किंवा त्या राउटरवर एक वाट लिहावी लागते: १०.२०.०.० साठी गेटवेच्या बाहेरच्या पत्त्याकडे जा. सर्व्हर आपला नसेल तर नेटवर्क विभागाकडून ही एक ओळ लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या बदलीत पुसलं जातं.

ती ओळ मिळत नाही म्हणून पुष्कळजण गेटवेवर नॅट लावतात, म्हणजे नोडच्या पत्त्याजागी गेटवेचा पत्ता घालतात. मग सर्व्हरला सोळा नोडऐवजी एकच पत्ता दिसतो. एनएफएसची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरण्याची, परवानगी नोडनिहाय देता येत नाही आणि लॉगमध्ये कोणत्या नोडने फाइल पुसली ते कळत नाही. इंटरनेटवरून पॅकेजेस आणण्यापुरतं नॅट ठीक, डेटासाठी नको.

दोन गेटवे असल्यावर पॅकेट एकाने जातं आणि उत्तर दुसऱ्याने येतं असं होऊ शकतं. लिनक्सची आरपी फिल्टर ही तपासणी कडक असेल आणि एखाद्या गेटवेला तो स्रोत दुसऱ्या इंटरफेसवरून दिसत असेल, तर ती पॅकेटं निमूट टाकते. ती २ वर, म्हणजे सैल ठेवा.

एआरपी म्हणजे आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता विचारणं. त्यात प्रॉक्सी एआरपी नावाचीही एक सोय आहे. आतल्या नोडला बाहेरच्याच सबनेटमधला पत्ता द्यायचा आणि गेटवेने त्याच्या वतीने उत्तर द्यायचं. तयार पेट्यांमध्ये ती व्यवस्थित बांधलेली असते. हाताने बांधलेल्या गेटवेवर मी ती टाळतो.

एमटीयू: इथे थांबून काम करा

गेटवे सुरू झाला, लॉगिन होऊ लागलं, लहान फाइली जाऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी डिझाइन विभागातला मुलगा येऊन म्हणाला, "दादा, माझ्या लॅपटॉपवर फाइल येतेय, पण डेटा सर्व्हरवर टाकली की शून्य टक्क्यावरच उभी राहते." मी पिंग केलं, उत्तर येत होतं. त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं तर फाइलचं नाव सर्व्हरवर तयार झालेलं, आकार शून्य, आणि पडद्यावर पट्टी जागची हलत नव्हती.

झालं होतं असं. नोडवर आयपीओव्हरआयबी कनेक्टेड मोडमध्ये होतं, तिथे एमटीयू ६५,५२० पर्यंत जातो. डेटा सर्व्हरवर जम्बो फ्रेम चालू, एमटीयू ९,०००. आणि मधल्या गेटवेचा इथरनेट पोर्ट मी १,५०० वरच सोडला होता. टीसीपी जोडणीच्या सुरुवातीला दोन्ही टोकं एकमेकांना आपापली मर्यादा सांगतात आणि त्यातली लहान घेतात. लॅपटॉप १,५०० चा, म्हणून त्याच्याशी सगळं ठरवूनच लहान चालायचं. सर्व्हरशी बोलताना मात्र दोघांचं ९,००० वर एकमत झालं, आणि मधे १,५०० चं दार आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गेटवेने नोडला "पॅकेट मोठं आहे, लहान कर" असा आयसीएमपी निरोप धाडला, तो माझ्याच फायरवॉलच्या नियमाने अडला. उलट्या दिशेने तर निरोपही नाही: सर्व्हरची ९,००० ची फ्रेम गेटवेच्या कार्डाने दारातच टाकून दिली.

यावर चार गोष्टी करा, चारही. नोडवर डेटाग्राम मोड ठेवा. इन्फिनीबँडचा एमटीयू ४,०९६ असेल तर आयपीला ४,०९२ मिळतात, २,०४८ असेल तर २,०४४. चार बाइट आयपीओव्हरआयबीच्या शीर्षकाला जातात. मग टीसीपी सुरुवातीलाच ४,०९२ वर तोलतं आणि मधे कुठे अडत नाही. कनेक्टेड मोडने आतला आयपीचा वेग वाढतो हे खरं, पण आतली जड वाहतूक आरडीएमएवरून, म्हणजे कार्डाने थेट दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत लिहिण्याच्या पद्धतीने, जाते, आयपीवरून नाही, त्यामुळे तो मोह सोडलेला बरा. कनेक्टएक्स-४ आणि पुढच्या कार्डांवर एनहान्स्ड आयपीओव्हरआयबी वापरलंत तर कनेक्टेड मोड मिळतच नाही.

दुसरं, गेटवेचा इथरनेट पोर्ट, मधल्या स्विचचे पोर्ट आणि सर्व्हर या तिघांचा एमटीयू ९,००० ला जुळवा. तिसरं, फायरवॉलमध्ये आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ चा निरोप, म्हणजे तोच "लहान कर" वाला, कधीही अडवू नका. चौथं, एनएफटेबल्स या लिनक्स फायरवॉलमध्ये सिन, म्हणजे जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटमधला एमएसएस (टीसीपीच्या तुकड्याची मर्यादा) वाटेच्या एमटीयूनुसार कमी करणारा नियम लावा. उद्या कोणी १,५०० चा स्विच मधे बसवला तरी टीसीपी तगून राहील.

तपासणी पिंगनेच, पण तुकडे न करण्याची अट घालून आणि आकार देऊन. आकड्यातून २८ बाइट शीर्षकांचे वजा करायचे. नोडपासून गेटवेपर्यंत ४,०६४ गेलं पाहिजे, गेटवेपासून सर्व्हरपर्यंत ८,९७२, आणि नोडपासून थेट सर्व्हरपर्यंत पुन्हा ४,०६४. साध्या पिंगवर विश्वास ठेवू नका, ते ६४ बाइटांचं असतं आणि कोणत्याही भोकातून निसटतं.

एक गेटवे पडला तर

दोन्ही यंत्रांवर कीपअलाइव्हडी, म्हणजे एक यंत्र पडलं की त्याचा पत्ता दुसऱ्यावर नेणारा प्रोग्राम, लावा आणि एक फिरता पत्ता आत, एक बाहेर ठेवा. दोन्ही पत्ते एकाच गाठीत बांधा. बाहेरची केबल निघाली आणि फक्त बाहेरचाच पत्ता दुसऱ्या यंत्रावर गेला, तर आतले नोड माल पहिल्याच यंत्रावर आणून टाकत राहतील आणि तिथून पुढे वाट नसेल. नाडी तपासण्याचे निरोप इथरनेटवरून, थेट एकमेकांच्या पत्त्यावर पाठवा. इन्फिनीबँडच्या मल्टिकास्टवर त्यासाठी अवलंबून राहू नका.

आता ते चार बाइट. आयपीओव्हरआयबीच्या पत्त्यात क्यू-पेअरचा क्रमांक असतो आणि गेटवेवर ड्रायव्हर पुन्हा चढला की तो बदलू शकतो. कार्ड तेच, आयपी तोच, पण पत्ता वेगळा. नोडच्या शेजाऱ्यांच्या यादीत जुना पत्ता पडून असतो आणि पॅकेटं नाहीशा झालेल्या दारावर जात राहतात. म्हणून गेटवे बदलला किंवा पुन्हा सुरू झाला की ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे न विचारता नवा पत्ता सगळ्यांना सांगणारा निरोप, इन्फिनीबँडवरही गेला पाहिजे. तुमची कीपअलाइव्हडीची आवृत्ती तो पाठवते का हे कागदावर वाचून ठरवू नका. एक नोड सतत पिंग करत ठेवा, पहिल्या गेटवेची वीज काढा आणि किती सेकंद उत्तर थांबतं ते मोजा. अडून राहिलंच तर नोडवर आयपी नेबर फ्लश चालवून पाहा. त्याने सुटलं तर दुखणं हेच.

एकाच यंत्रात दोन इन्फिनीबँड पोर्ट जोडून बाँड, म्हणजे दोघांचा एक इंटरफेस, करणार असाल तर फक्त ॲक्टिव्ह-बॅकअप प्रकार चालतो. इथरनेट बाजूला मात्र दोन्ही पोर्ट एकाच वेळी चालवणारं एलएसीपी खुशाल वापरा. दुसरं यंत्र नुसतं बसून राहू नये म्हणून आम्ही फिरत्या पत्त्यांच्या दोन जोड्या केल्या. आठ नोड एका जोडीकडे, आठ दुसरीकडे. एक यंत्र पडलं की दोन्ही जोड्या उरलेल्यावर येतात.

वेग मोजायचा तो तुकड्यातुकड्याने

नोडपासून सर्व्हरपर्यंत एकदम मोजलंत आणि आकडा कमी आला तर दोष कुठला ते कळणार नाही. आधी नोड ते गेटवे आयबी-राइट-बीडब्ल्यू चालवा. हे आरडीएमएवरचं मोजमाप. ते एफडीआरच्या जवळ येत नसेल तर केबल, स्लॉट किंवा स्विच, यातलंच काही. मग त्याच दोघांत आयपीवरून मोजणारं आयपर्फ-३. हा आकडा बराच कमी येणार, घाबरू नका, कारण आता प्रोसेसरला प्रत्येक पॅकेट हाताळावं लागतं. एक धागा एका कोअरपुरताच धावतो, म्हणून चार-आठ समांतर धाग्यांनीही मोजा. मग गेटवे ते सर्व्हर. शेवटी अख्खी वाट. अख्ख्या वाटेचा आकडा मधल्या सर्वांत लहान तुकड्याच्या जवळ आला की काम बरोबर. आमच्या वाटेत १० गिगाबिटचा इथरनेट होता, त्याच्यापुढे जायची अपेक्षाच नव्हती.

कमी आलं तर गेटवेवर टॉप उघडून कोअरनिहाय आकडे पाहा. एकाच कोअरवर सॉफ्ट इंटरप्ट भरून वाहत असेल आणि बाकीचे रिकामे असतील तर कार्डाचे इंटरप्ट वाटून द्या, तेही कार्ड ज्या प्रोसेसरच्या सॉकेटला जोडलंय त्याच बाजूच्या कोअरवर. प्रोसेसरचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा. आलेली पॅकेटं जोडून मोठी करणाऱ्या दोन सोयींपैकी राउटरवर एलआरओ बंद असला पाहिजे, जीआरओ चालू चालतो. गेटवेवर कनेक्शन ट्रॅकिंगची, म्हणजे प्रत्येक जोडणीची नोंद ठेवण्याची, गरज नसेल तर ते काढून टाका. त्याचा तक्ता भरला की नवी जोडणी होत नाही, आणि बाहेरून ते अगदी सर्व्हर बंद पडल्यासारखं दिसतं.

आरडीएमए पलीकडे न्यायचा हट्ट

हा प्रश्न मला नेहमी विचारतात: आत एनएफएस आरडीएमएवर इतकं पळतं, तर बाहेरच्या सर्व्हरशीही तसंच का नाही? कारण आरडीएमएची जोडणी दोन कार्डांमधली असते आणि गेटवे मधे आला की ती तुटते. पलीकडे आरओसीई-२ असलं, म्हणजे यूडीपीच्या ४७९१ पोर्टवरचं आरडीएमए, तरी इन्फिनीबँडचं आरडीएमए त्यात आपोआप ओतलं जात नाही. गेटवे आयपी नेतो, एवढंच. पलीकडच्या सर्व्हरशी साधं टीसीपीवरचं एनएफएस वापरा.

लस्टर ही क्लस्टरसाठीची फाइल प्रणाली असेल तर तिची स्वतःची सोय आहे. एलनेट राउटर नावाची यंत्रं इन्फिनीबँड आणि टीसीपी यांच्यामध्ये लस्टरचेच निरोप उतरवून चढवतात. तिथे या लेखातला आयपी गेटवे वापरू नका, एलनेट राउटर लावा.

आम्ही शेवटी केलं ते असं. आत इन्फिनीबँडवर एक छोटा एसएसडीचा सर्व्हर ठेवला. गणित चालू असताना सगळे नोड त्यावर आरडीएमएने लिहितात. काम संपलं की एकच प्रक्रिया निकाल उचलून गेटवेवरून डेटा सर्व्हरला पोचवते. सोळा नोड एकाच वेळी फलाटावर गर्दी करत नाहीत, आणि डेटा सर्व्हर रात्री बंद असला तरी गणित अडत नाही. गेटवेत जितकं काम केलं त्यापेक्षा या एका बदलाने डिझायनरांचा वेळ जास्त वाचला.

वीज गेल्यानंतर

रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून चिकटवला आहे. रात्रपाळीचा माणूसही वाचून करू शकेल असा. आधी इन्फिनीबँड स्विच, आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग इथरनेट स्विच. मग गेटवे एक आणि गेटवे दोन. त्यांच्यावर आयबीस्टॅट चालवून ॲक्टिव्ह शब्द दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग आतला एसएसडी सर्व्हर. मग नोड, चार-चारच्या गटाने. सगळ्यात शेवटी कोणत्याही एका नोडवरून डेटा सर्व्हरला ४,०६४ बाइटांचं, तुकडे न करण्याच्या अटीचं पिंग. त्याचं उत्तर आलं की कागदावर तारीख आणि वेळ लिहून सही करा. नाही आलं तर खाली लिहिलेल्या नंबरवर मला फोन करा, वेळ कोणतीही असो.